तांदळाच्या दाण्याएवढी गोळी

मळवली, ११ जानेवारी १९५९, रविवार

औषधाच्या कंपनीचा माणूस केळशीकर डॉक्टरांना दोन डायऱ्या देऊन गेला. त्यांतली एक त्यांनी माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "महिपती, तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. भावाची टिपणं ठेव. किती दिलं, किती झोपला, काय बोलला. केस नीट उतरली तर पुण्याच्या सभेत वाचू." लोणावळ्याला त्यांच्या दवाखान्यात मी बारा वर्षं कंपाउंडर आहे. गावात लोक मला अर्धा डॉक्टर म्हणतात. उरलेला अर्धा कोण, हे मी विचारत नाही.

रोगी म्हणजे माझा थोरला भाऊ रखमाजी. आज बेचाळीस वर्षांचा आहे आणि चौदा वर्षं अफू खातो. एके काळी तालमीतला गडी होता, भाताचं पोतं एका हाताने बैलगाडीत टाकायचा. आता दिवसभर पडवीत घोंगडीवर बसतो, ओठावर माशी बसली तरी हलत नाही. त्याच्याकडे सरकारी परवाना आहे, पण मार्चअखेर परवान्याचं दुकानच बंद होणार. त्याच्या आत मला दादाला माणसात आणायचं आहे. नाहीतर एप्रिलात तो तडफडून मरेल, किंवा चोरून अफू आणताना तुरुंगात जाईल.

१२ जानेवारी

औषध सुरू केलं. पद्धत डॉक्टरांची आणि हात माझा. मोठ्या बाटलीत अफूचा अर्क भरलाय. दिवसातून तीनदा मेजर ग्लासने मोजून एक मात्रा काढायची, आणि जेवढं काढलं तेवढाच काडेचिराइताचा काढा बाटलीत ओतायचा. रंग तोच, कडूपणा तोच. रोग्याला वाटतं बाटली भरलेली आहे, आणि अफू मात्र रोज थोडी पळते. दोन महिन्यांत नुसता काढा उरेल. बाटली माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत, किल्ली जानव्याला बांधतात तशी मी करगोट्याला बांधली आहे. दुपारची मात्रा मी सकाळीच मोजून कुपीत काढून ठेवतो, मी कामावर असताना ती माझी बायको चंपा देईल.

वहिनीला, म्हणजे दादाच्या बायकोला, हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. नाव बयाबाई, पण गावात सगळे तिला मुकी म्हणतात इतकी ती कमी बोलते. तिचा हात थांबला.

"अफू सुटली की त्येंचं काय हुईल?"

"काय होईल म्हणजे? पुन्हा माणूस होईल."

"कंचा मानूस?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता भाकरी तव्यावर टाकली. बायकांना औषधातलं काही समजत नाही.

२० जानेवारी

दादा शांत आहे. दोन जांभया, थोडं नाक गळतं, एवढंच. संध्याकाळी मला म्हणाला, "म्हैपती, तुजं डोकं दुकतंय का रं अजून?" मला आधी कळलंच नाही. माझ्या उजव्या कानावर खूण आहे. मी नऊ वर्षांचा असताना बैल शेतात शिरला म्हणून दादाने मला नांगराच्या रुमण्याने मारलं होतं. तीन दिवस शुद्ध नव्हती म्हणे. असा हात होता त्याचा. गावातली पोरंच काय, मोठी माणसं त्याला रस्ता सोडत. त्या खुणेचा मला अजून अभिमान वाटतो.

मग मी मुंबईला गिरणीत गेलो. मागे दादाची मुलगी गेली. आठ महिन्यांची होती, माळ्यावरून पडली. त्या दुःखाने दादा अफूला लागला. एवढ्या मोठ्या गड्याचं काळीज असं मऊ, हे गावाला कधी कळलं नाही.

३ फेब्रुवारी

माझ्या हिशेबाने बाटलीत आता निम्म्याहून कमी अफू आहे. दादाचे हातपाय ओढायला हवेत, जुलाब व्हायला हवेत. काहीच नाही. गाढ झोपतो. डॉक्टर म्हणाले, "आश्चर्य आहे. शरीर फारच चांगलं दिसतं." मी म्हणालो, तालमीचं शरीर आहे. डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं.

८ फेब्रुवारी, रविवार

शरीर कसलं. आज मी घरी होतो म्हणून सापडलं. वहिनी दादाचा चहा गाळत होती. पाठ माझ्याकडे. कमरेच्या पिशवीतून काहीतरी काढून तिने कपात टाकलं आणि बोटाने ढवळलं. मी जाऊन तिचा हात धरला. तिने मूठ आवळली.

मी म्हणालो, उघड. तिने मान हलवली. मी मनगट पिरगाळलं, बांगड्या फुटल्या, काचा तिच्या आणि माझ्या दोघांच्याही हातात घुसल्या. तरी मूठ उघडेना. मग मी एकेक बोट मागे वळवून उघडलं. आत सहा गोळ्या, काळ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. सरुबाईच्या. सरुबाई आमची सुईण. लावणीच्या दिवसांत बाया बांधावर पोरं झोपवतात ना, तेव्हा त्यांना चाटवायची बाळगोळी तीच वळते. अफूची, दुसरं काय.

मी वहिनीच्या तोंडात मारली. एकदा नाही, तीनदा. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर हात टाकला. मी रोज मेजर ग्लास डोळ्यांसमोर धरून थेंब मोजायचे आणि हिने मागून तांदळाच्या दाण्याने माप घालायचं. ती रडली नाही. ओठावरचं रक्त पदराला पुसून एवढंच म्हणाली, "भावजी, त्येंची बंद नका करू. माजी हवी तर जीभ कापा."

पडवीतून दादाने पाहिलं. हसल्यासारखं केलं आणि म्हणाला, "मारू नगंस रं तिला. गरीब हाय."

गोळ्या नदीत टाकल्या. सरुबाईच्या दारात जाऊन तिला पोलिसाची भीती घातली. डॉक्टरांना दाखवायच्या टिपणांत हे उतरवणार नाही.

११ फेब्रुवारी

लिहायला हात धड नाही, दादाने अंगठा चावला आहे. चोरून मिळणारी गोळी थांबली आणि बाटलीत तर काढाच जास्त. सगळं एकदम अंगावर आलं. काल सकाळपासून ओकतोय, जुलाब, अंगावर काटा. मग उठला आणि ट्रंक उचलून भिंतीवर आपटली. मी, शेजारचा निवृत्ती आणि त्याचा भाऊ, तिघांनी मिळून खाली पाडला. निवृत्तीचा दात पडला. बैलाच्या दाव्याने दादाला घराच्या मधल्या खांबाला, मेढीला बांधला. तो डोकं मागे मेढीवर आपटत होता, म्हणून मागे गोधडी बांधली. शिव्या अशा की चंपा कानात बोळे घालून बसली आहे. तिला सातवा महिना.

डॉक्टर येऊन झोपेचं इंजेक्शन देऊन गेले. चार माणसांनी धरलं तेव्हा सुई गेली.

१३ फेब्रुवारी

दावं मनगटात रुतलं आहे. पाणी पाजायला गेलो तर तांब्या दाताने धरून फेकला. माझ्या कपाळाला लागला, टाका पडला. मीही चिडलो आणि पायाने त्याच्या बरगडीत मारलं. बांधलेल्या माणसाला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि ओळखीचं हसला. "दाव्यातनं सुटू दे," म्हणाला.

वहिनी दोन हात लांब बसून असते. तिला म्हटलं, झोप जरा. ती म्हणाली, "गाठ बगते."

१७ फेब्रुवारी

झोपला. आपणहून, सहा तास. उठून पेज मागितली. आज दावं सोडलं. सोडताना वहिनी घरात नव्हती, गोठ्यात जाऊन बसली होती.

२ मार्च

जिंकलो. दादा आज कोयता घेऊन भाताच्या वाफ्यात जाळायच्या राबासाठी कवळं, म्हणजे डहाळ्या तोडायला रानात गेला. चौदा वर्षांत त्याने झाडाची एक फांदी तोडली नव्हती, आज एकट्याने दहा भारे आणले. पाच भाकऱ्या खाल्ल्या. दंड पुन्हा भरलेत. डॉक्टरांनी पाठ थोपटली, त्याची आणि माझीही. बाटलीत नुसता काढा आहे. तोही बंद केला.

गावकरी अजून घरी येत नाहीत. पूर्वी पडवीत दादाजवळ दोघे-चौघे टेकायचे. जळतात, दुसरं काय.

११ मार्च

राब भाजायला पालापाचोळा, शेण वाहत होतो. पवळ्या बैल गाडी ओढताना बसला. दादाने त्याला उठवायला शेपटी पिळली, मग जूच्या खिळीने मारलं, मग पहार घेतली. मी म्हणालो, दादा, पुरे. पवळ्याचा एक डोळा बाहेर आला होता तरी तो मारत होता, आणि घाई अजिबात नव्हती, भात झोडल्यासारखं एका तालात. बैल मेला. पवळ्या म्हातारा झालाच होता म्हणा.

वहिनीचा गाल सुजलाय. चुलीजवळ पाय घसरला म्हणते. गेल्या आठवड्यात विहिरीवर घसरला होता. तिचं आताशा लक्ष कुठे असतं कोण जाणे.

तिने मला गोठ्यामागे गाठलं. "भावजी, चंपीला आंबीला धाडा. म्हायेरी."

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मलाही माहीत आहे. पण कंपाउंडरच्या बायकोने आंबीला सुईणीच्या हाती बाळंत व्हायचं आणि मी बघत बसायचं? वहिनीच्या वेळची, पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट वेगळी. तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मी पाया पडते." खरंच पडली. मला अवघड वाटलं, मी पाय काढून घेतला.

२४ मार्च

भाताच्या बियाण्यावरून बोलणं झालं आणि दादाने माझ्या थोबाडीत दिली. दाढ हलते आहे. तोच हात, तेच वजन. गंमत अशी की दुखण्याआधी मला बरं वाटलं. म्हटलं, आला बाबा आमचा दादा परत. चंपा म्हणाली, "तुमी का हसताय?" तिला कसं सांगणार.

१ एप्रिल

दुकान काल बंद झालं. डॉक्टरांनी रजिस्टरमध्ये दादाच्या नावापुढे 'पूर्ण बरा' लिहिलं आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. सही झोकात केली.

५ एप्रिल

चंपा सुटली. मुलगी. डॉक्टर स्वतः आले होते. आवाज खणखणीत आहे पोरीचा. वहिनीने तिला हातात घेतलं आणि तिच्या तोंडावर हळूच हात ठेवला, दाबायला नाही, जसा दिव्याला वाऱ्यापासून आडोसा करतात तसा. म्हणाली, "एवढ्या मोठ्यानं रडू नगंस, बाय."

१४ एप्रिल

हे डाव्या हाताने लिहितोय. उजवं मनगट मोडलं आहे. परवा रविवारचं आज लिहितो.

दुपारी दादा रानातून आला, जेवायला बसला. पोरगी रडत होती, पोटात दुखत असावं. दादा म्हणाला, "गप कर तिला." चंपाने पाजायला घेतलं, ती घेईना. दादा दुसऱ्यांदा बोलला नाही. भाकरीचा तुकडा ताटात ठेवला, उठला, आणि चंपाच्या मांडीवरून पोरीला तिचा एक पाय धरून उचललं. कोंबडी उचलतात तसं, डोकं खाली. आणि उंबऱ्याकडे चालला.

मी जागचा हललो नाही. हे लिहिलं पाहिजे. तो काय करणार ते मला कळलंच नाही. वहिनीला कळलं. ती चुलीपुढून तशीच झेपावली, त्याच्या पोटरीला दातांनी धरलं आणि दोन्ही हात पायांना गुंडाळले. तो आडवा झाला. पोरगी त्याच्या हातातून सुटून घोंगडीवर पडली, चंपाने तिला उचललं आणि मागच्या दाराने सरुबाईकडे पळाली.

मग दादाने खुंटीचा कोयता काढला आणि उलट्या बाजूने वहिनीच्या पाठीत घातला. खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ती पाय सोडत नव्हती. मी खलाचा बत्ता घेऊन त्याच्या मानेवर मारला, पुन्हा मारला. त्याने वळून माझं मनगट धरलं आणि ओल्या लाकडासारखं मोडलं. मी फडताळावर पडलो. मेजर ग्लास खाली आला आणि त्याच्या पायाखाली चुरा झाला.

तेवढ्यावर तो थांबला. तळपायातली काच काढली, पाटावर बसला आणि उरलेली भाकरी खाल्ली. "आमटी अळणी हाय," म्हणाला.

१५ एप्रिल

चंपाला आणि पोरीला काल आंबीला पोचवलं. वहिनीचा खांदा मीच एका हाताने बांधला, डॉक्टरांना बोलवू दिलं नाही तिने. दादा रानात गेल्यावर बोलली. एवढं सलग ती पहिल्यांदाच बोलली असेल.

"माजी पोर माळ्यावरनं न्हाई पडली, भावजी. आट म्हैन्याची पोर माळ्यावर कशी जाईल? लावनीचे दिस व्हते. रोज तिला सरुबाईची गोळी चाटवून बांधावर निजवायची. त्या दिशी इसरले. ती जागी ऱ्हायली, रडली. त्येंनी पाय धरला आनि उंबऱ्यावर..." इथे तिने हाताने दाखवलं आणि तो हात पुन्हा मांडीवर ठेवला.

"तिच्या गोळ्या डबीत उरल्या व्हत्या. अकरा. रातच्याला त्ये माज्यावर कोयता घिऊन आले, तवा च्यात एक घातली. तांदळाच्या दान्यायेवढी. निजले. दुसऱ्या दिशी दुसरी घातली. अकरा सपल्या तवा सरुबाईकडनं आनल्या. म्हैन्यांनी त्येच मागाया लागले. चवदा वर्सं कुनाला बोट लावलं न्हाई त्येंनी. पाखरू बसलं तरी हुसकवत न्हवते."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "तुमी ती कानावरची खून गावाला दाखवत हिंडता. तुमाला काय सांगू?"

मी तिच्या फुटक्या बांगड्यांची आठवण काढणार होतो. काढली नाही. आता वाटतं, काढायला हवी होती. म्हटलं, तूही चल आंबीला. ती म्हणाली, "मी गेले तर माज्या मागनं येतील. तितं पोर हाय."

१६ एप्रिल

डॉक्टरांना सगळं सांगायचं ठरवून गेलो. पोलिसांत देऊ का, हेही विचारायचं होतं. मनगट बघून त्यांनी विचारलं, मी म्हणालो, बैलाने झटका दिला. मग एवढंच म्हणालो, दादाला पुन्हा थोडं औषध सुरू केलं तर? ते खुर्चीतून उठले. "वेडा आहेस का? बऱ्या झालेल्या माणसाला विष द्यायचं? पुण्याची तारीख ठरली आहे." वर हेही म्हणाले की आता कायदा वेगळा आहे.

ते बाहेर व्हिजिटला गेल्यावर मी कपाट उघडलं. जुलाबाच्या मिश्रणासाठी अफूच्या अर्काची बाटली असते. तिच्यातला अर्क माझ्या कुपीत काढला, आणि जेवढा काढला तेवढा काढा बाटलीत ओतला. रंग तोच, कडूपणा तोच.

घरी येऊन अर्क ताटलीत उन्हात आटवला, राहिलेला लगदा गुळात मळून गोळी वळली. मापाला ग्लास नव्हता. वहिनीने डाव्या हाताने तांदळाचा एक दाणा आणून ताटलीत ठेवला, दाण्याला गोळी लावून बघितली, आणि मान हलवली. "मोटी झाली. यानं मरतील." मी गोळी परत लहान वळली.

चहा तिने केला.

३ मे, रविवार

आज डॉक्टर घरी आले, सभेआधी रोगी एकदा डोळ्यांखालून घालायला. दादा पडवीत घोंगडीवर होता. नाडी बघितली, जीभ बघितली. डोळ्यांत बॅटरी मारली असती तर अफू खाणाऱ्याच्या असतात तशा टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या दिसल्या असत्या. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. पण डॉक्टर बोलण्यात होते. "बघ, किती शांत झालाय. हा खरा बरा झालेला माणूस." जाताना म्हणाले, दवाखान्यात हल्ली जुलाबाचे रोगी लवकर आटोक्यात येत नाहीत, पाणी तपासायला हवं. मी म्हणालो, तपासतो.

ते गेल्यावर वहिनीने दादाच्या हातात कप दिला. तिचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. दादाने चहा संपवला, ओठावरची माशी तशीच ठेवली आणि मला जवळ बोलावलं. माझ्या प्लास्टरवरून बोटं फिरवली.

"कुनी मोडला रं तुजा हात?"

मी हात मागे घेतला.

"नाव सांग, बगतो त्येच्याकडं," असं म्हणून तो हसला, आणि त्याचे डोळे मिटायला लागले. "म्हैपती, पोरीला आन की हिकडं. मांडीवर घेतो. औषध बंद झालं तरी लय बरं वाटतंय बग आता."

वहिनी कप उचलायला वाकली होती. तिने आधी कपाचा तळ बघितला, आणि मग माझ्याकडे.

"व्हय दादा," मी म्हणालो. "बरा झालास तू."